एक जूनचा मनोरा

सातपूरच्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम करतो. तिथे आलेखातला एखादा ठिपका रेषा सोडून वर उडाला की मशिन थांबवायचं आणि टूल तपासायचं, हा आमचा शिरस्ता. त्यामुळे बाबांच्या ज्येष्ठ नागरिक संघाची यादी एक्सेलमध्ये भरून जन्मतारखांचा आलेख काढला, तेव्हा मला वाटलं की भरताना घोळ झालाय. आडव्या रेषेवर वर्षाचे सगळे दिवस. कुठे एक वाढदिवस, कुठे दोन, बरेच दिवस रिकामे. आणि मध्येच १ जूनवर एक मनोरा. सेल खाली ओढताना तारीख कॉपी झाली असणार, म्हणून कागदी अर्ज पुन्हा काढून बसलो. अर्जांवरही १ जूनच.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन पाहिली आणि हसले. "अरे, ही चूक कसली? हे गुरुजी आहेत."

साठी-सत्तरीच्या मराठी माणसाला यापुढचं सांगायची गरज नाही. बाळंतपण घरात, सुईणीच्या हातून, दाखला वगैरे काही नाही. पोर शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला बोट लावायला सांगत. बोट पोचलं, की पोर सहा वर्षांचं झालं. शाळा उघडायची जूनमध्ये, म्हणून जन्मतारीख १ जून. रजिस्टर चोख! जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा आला १९६९ साली, आणि तो वाड्यावस्त्यांवर मुरायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर ही पोरं शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक होऊन गेली होती. राज्य सरकारी नोकरीत निवृत्ती बहुतेकांना ५८ व्या वर्षी, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी. म्हणून ३१ मे ला सरकारी कचेऱ्यांतून शाल-श्रीफळाची झुंबड उडते.

आकड्यांतून गोष्ट सांगण्याच्या कलेला हल्ली डेटा स्टोरीटेलिंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम बाबांनी केलं तेच: आकडा कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, हे विचारायचं. त्यात एक फसगत मात्र ठरलेली. हाच आलेख मी आधी महिनावार काढला होता. त्यात जून नुसता जरा उंच दिसत होता, आणि जूनमधून नऊ महिने मागे मोजून गणपती-नवरात्राशी त्याचा संबंध जोडणारी एक झकास थिअरीही मी मनात रचली होती. दिवसवार काढल्यावर तिचा फुगा फुटला. महिन्याच्या चाळणीतून गुरुजी निसटले होते, दिवसाच्या चाळणीत सापडले.

तारखेचं जे, तेच वयाचं. वय विचारलं की माणूस पन्नास, पंचावन्न, साठ असं सांगतो. सत्तावन्न सांगणारा विरळा. जनगणनेतला हा कल मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांत शून्य किंवा पाचने संपणारी वयं आठ, म्हणजे चाळिसातली आठ, पाचातलं एक. लोक खरं वय सांगत असतील तर साधारण एक पंचमांश माणसं या वयांची निघतील आणि निर्देशांक येईल १००. सगळ्यांनीच गोल आकडा ठोकला तर ५००. हा आकडा १७५ च्या वर गेला की वयांची नोंद फारच ढोबळ समजली जाते. भारताच्या जुन्या जनगणनांमधले वयाचे आलेख करवतीच्या दात्यांसारखे दिसतात.

आता चीन बघा. १९८२ च्या तिथल्या जनगणनेत हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, लोकांच्या वयाचा आलेख आश्चर्य वाटावं इतका गुळगुळीत निघाला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यांचंही वय नेमकं. कारण प्रत्येकाला आपलं जन्मवर्ष कोणत्या प्राण्याचं, हे पाठ. बारा प्राणी, बारा वर्षांचं चक्र. ससा म्हटलं की वर्ष ठरलं. दोन-पाच वर्षांची चूक होत नाही, आणि झालीच तर बारा वर्षांची होते. ती चेहऱ्यावरच दिसते, साठीचा माणूस बहात्तरचा म्हणून खपत नाही. त्याच जनगणनेत शिनज्यांगमधल्या उइगुर लोकांच्या वयांत मात्र गोल आकड्यांची गर्दी होती, कारण वय सांगायला ही प्राण्यांची मोजणी त्यांच्यात सर्रास वापरली जात नव्हती.

हे वाचलं आणि मला आमची पंचवटीतली आत्या आठवली. "मी सिंहस्थाच्या साली झाले," हे तिचं कायमचं उत्तर. गुरू सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं घेतो, म्हणजे जवळपास एक तप. तो सिंह राशीत आला की गोदाकाठी कुंभ भरतो: २००३, २०१५, आणि आता २०२७. प्राचीन चिनी ज्योतिषीही याच ग्रहावरून बारा वर्षं मोजत, त्याला ते 'वर्षाचा तारा' म्हणत. रामकुंडावरची आत्या आणि चीनमधला शेतकरी एकच घड्याळ वापरत होते म्हणायचं!

पण याच घड्याळाने जपानमध्ये उत्पात केला. बारा प्राण्यांना लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पाच तत्त्वांची जोड दिली की साठ वर्षांचं चक्र होतं, आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखं. त्यातलं एक 'अग्नी-अश्व' वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते, अशी समजूत. १९६५ मध्ये जपानात सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली, १९६६ मध्ये १३.६ लाख, १९६७ मध्ये १९.४ लाख. ना युद्ध, ना दुष्काळ, ना साथ, तरी एका वर्षापुरती एक चतुर्थांश बाळं गायब. हा खड्डा जपानच्या लोकसंख्येच्या आलेखात आजही ठसठशीत दिसतो. त्याआधीचं अग्नी-अश्व वर्ष होतं १९०६. तेव्हा संततिनियमनाची साधनं हाताशी नव्हती, म्हणून काही घरांनी मुलीचा जन्म अलीकडच्या नाहीतर पलीकडच्या वर्षात नोंदवला. हसू नका. मूळ नक्षत्राच्या मुलीची जन्मवेळ थोडी 'सरकवून' घेतलेल्या पत्रिका आपल्याकडे किती निघतील? २०२६ हे पुन्हा अग्नी-अश्व वर्ष आहे.

काही खड्डे मात्र एका वर्षात भरून येत नाहीत. दक्षिण कोरियात १९९० साली जन्मलेल्या बाळांत दर १०० मुलींमागे ११६ हून जास्त मुलगे होते. निसर्गतः हे प्रमाण १०५ च्या आसपास असतं. तेही घोड्याचंच वर्ष होतं, पण सगळा दोष घोड्यावर ढकलता येत नाही. मुलगाच हवा हा हट्ट जुनाच होता, त्याच्या हाती आता गर्भलिंग सांगणारी सोनोग्राफी आली होती. पुढे कोरिया १०५ वर परत आला. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा देशभराचा कायदा मधल्या काळातच, १९९४ मध्ये झाला. कोरियात मोजतात किती मुलगे जास्त, आपण मोजतो किती मुली कमी. मला आपलं मोजमाप जास्त प्रामाणिक वाटतं, निदान कोण गेलं ते त्यात कळतं.

संघाच्या यादीत मी आता 'खरा वाढदिवस' असा एक रकाना वाढवलाय. बाबा दर शनिवारी बैठकीत एकेकाला विचारून चिठ्ठीवर लिहून आणतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी. आखाजीला, आई माहेरी असताना. दुष्काळात, विहिरीचं काम चालू होतं तेव्हा. एक्सेलला यातलं काहीच तारीख म्हणून पटत नाही. तारखा तो सेलच्या उजव्या कडेला लावतो, मजकूर डाव्या. सगळा रकाना डावीकडे टेकून उभा आहे.