120 किलो कुणाचे? शेअरिंगच्या सायकलवरची वजनमर्यादा आणि एकूण भार

माझा भाचा नेरूळला राहतो. वजन 104 किलो. गुडघ्यांवर ताण न येता व्यायाम व्हावा म्हणून डॉक्टरांनी त्याला सायकल चालवायला सांगितलं. विकत घेण्याआधी सवय होते का ते बघावं, म्हणून तो एका सकाळी स्टेशनबाहेरच्या शेअरिंगच्या, म्हणजे अ‍ॅपवरून भाड्याने मिळणाऱ्या, सायकलपाशी गेला. अ‍ॅपमधल्या अटींत कमाल वजन 120 किलो असं होतं. त्याने तिथेच उभं राहून बेरीज केली: आपण 104, पाठीवरची सॅक 4, सायकल स्वतः वीसेक किलोची. 128 झाले. तो घरी परत आला आणि मला फोनवर म्हणाला, "मावशी, ती सायकल माझ्यासारख्यांसाठी नाहीच."

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतली दोन कॉलेजची मुलं तसल्याच सायकलवर डबलसीट येताना दिसली. मी हटकलं तर एक जण म्हणाला, "काकू, दोघं मिळून 105 किलोच भरतो. 120 पर्यंत चालतं."

एकाच आकड्यावरून एकाने सायकल सोडली आणि दोघांनी जीव धोक्यात घातला. चुकले तिघेही, आणि त्याचं कारण म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो.

पहिली गोष्ट चालवणाऱ्याचं कमाल वजन. यात मोजायचा तो माणूस. दुसरी एकूण भार: माणूस, त्याचं सामान आणि सायकल स्वतः. आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमधली पाटी आठवा. 8 व्यक्ती, 544 किलो, म्हणजे माणशी 68 किलो. त्यात लिफ्टचं स्वतःचं वजन धरलेलं नसतं, पण तुमच्या हातातली भाजीची पिशवी त्यातच येते. आता तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, जाणारा ट्रक घ्या. त्याच्या आरसी बुकात जे भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात ट्रक स्वतःही धरलेला असतो. म्हणूनच वजनकाट्यावर गाडी दोनदा चढते, एकदा भरलेली, एकदा रिकामी, आणि वजाबाकी करून माल किती ते कळतं. माझ्या भाच्याने लिफ्टसारखी पाटी ट्रकसारखी वाचली. त्या सेवेच्या अटींत "चालवणाऱ्याचं वजन" असं स्पष्ट होतं. तो 16 किलोंनी आत होता.

फरक वीस किलोंचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. घरच्या साध्या सायकलीपेक्षा शेअरिंगची सायकल बरीच जड असते, कारण ती बारा महिने उघड्यावर उभी राहते, दिवसाला कितीतरी अनोळखी हातांतून जाते, आणि तिला कुलूप, जीपीएस, बास्केट, जाड फ्रेम असं सगळं अंगावर वागवावं लागतं. वीस-बावीस किलो सहज भरतात. मर्यादा 120 किलो एकूण भाराची असेल, तर माणूस आणि सॅक मिळून जेमतेम 98 किलो उरतात. तीच मर्यादा चालवणाऱ्याची असेल, तर पूर्ण 120. परदेशातल्या सेवांचे आकडे वाचतानाही हे लक्षात ठेवा. न्यूयॉर्कच्या सिटी बाइकची मर्यादा 260 पौंड, म्हणजे सुमारे 118 किलो, आणि ती चालवणाऱ्यासाठी आहे. तो आकडा उचलून दुसऱ्या सायकलच्या एकूण भाराशी लावला तर हिशेब बिघडणारच.

आपल्याकडे यात आणखी एक आकडा घुसतो. नवी मुंबईत 2018 पासून महापालिकेच्या पुढाकाराने युलूच्या सायकली आल्या, पुढे बॅटरीवरच्या निळ्या गाड्याही दिसू लागल्या. अशा गाड्यांबद्दल "60 किलोची मर्यादा आहे" असं मी दोन-तीनदा ऐकलं, आणि एका बाईंनी तर त्या धाकाने गाडीला हातच लावला नव्हता. ते 60 किलो बसणाऱ्याचे नाहीतच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची ताकद 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन 60 किलोपर्यंत असेल, तर ती मोटार वाहनात धरत नाहीत. म्हणून लायसन्स लागत नाही. हा आकडा गाडीच्या जातीचा आहे. तुमचं वजन किती चालेल हे त्यातून कळत नाही.

आता डबलसीटवाल्यांकडे येते, कारण माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. 105 हे 120 पेक्षा कमी आहेत, बरोबर. पण ते 120 किलो सीटवर बसलेल्या एका माणसाचे धरलेले असतात. सायकलवर नीट बसलात तर मागच्या चाकावर निम्म्याहून बराच जास्त भार येतो, बाकीचा हँडल आणि पेडलवरून पुढे वाटला जातो. मागे कॅरिअरवर दुसरा बसला की त्याचा जवळजवळ सगळा भार मागच्याच चाकावर पडतो. बहुतेक कॅरिअरवर 25 किलोचा शिक्का असतो, आणि त्यावर बसतो पन्नास किलोचा मुलगा. पुढचं चाक हलकं होतं, हँडल लटपटतं, आणि मागच्या चाकाच्या तारा ताणल्या जातात. एकूण भार मर्यादेत असूनही सायकल मर्यादेबाहेर गेलेली असते.

बास्केटचंही तसंच. मी स्वतः एकदा वाशीत 10 किलोची आट्याची पिशवी पुढच्या बास्केटमध्ये ठेवून निघाले होते. माझं वजन 58, सायकल धरूनही 90 च्या आसपास, म्हणून मला काही वाटलंच नाही. पहिल्याच स्पीडब्रेकरवर पिशवी डावीकडे सरकली आणि हँडल तिच्याबरोबर वळलं. डावा पाय टेकला म्हणून पडले नाही, पण पोटरीवर पेडलचा दात लागला तो वळ महिनाभर होता. बास्केटची मर्यादा वेगळी असते, आणि ती पाळली नाही तर बाकीची बेरीज बरोबर असूनही उपयोग नाही.

मर्यादा ओलांडली म्हणून सायकल तिथल्या तिथे मोडत नाही, आणि म्हणूनच लोक ती गांभीर्याने घेत नाहीत. धातू थकतो. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात पेडलवर जोर देण्याची चाचणी 1,00,000 वेळा करतात ती याचसाठी. जास्तीच्या वजनाने आज एक तार ढिली होते, उद्या दुसरी, मग चाक आउट होतं आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तरी बुडाखाली आउट होतं. पंक्चर होऊ नये म्हणून काही सायकलींना भरीव टायर असतात. त्यात हवा नसल्याने खड्ड्याचा दणका थेट तारांवर जातो. ब्रेकचं तर साधं गणित आहे. बावीस किलोच्या सायकलवर 60 किलोचा माणूस म्हणजे 82 आणि 110 किलोचा म्हणजे 132. त्याच वेगातून थांबायला ब्रेकला सुमारे 1.6 पट काम करावं लागतं. पावसात रबरं ओली असताना हा फरक जाणवतो.

मग कुठला आकडा कुठला, हे ओळखायचं कसं? शब्द बघा. "रायडर वेट" किंवा "युजर वेट" म्हणजे माणूस. "ग्रॉस" किंवा "टोटल" म्हणजे सायकल धरून. नुसतं "मॅक्स लोड" लिहिलं असेल तर बहुधा लिफ्टसारखं, माणूस आणि सामान. पण बहुधावर विसंबू नका. कस्टमर केअरला "वजनाची मर्यादा किती?" असं विचारलंत तर तोच आकडा परत मिळेल. विचारायचं असं: यात सायकलचं वजन धरलंय का? पाठीवरची सॅक धरली आहे का? बास्केटमध्ये किती चालतं? उत्तर मिळेपर्यंत कडक अर्थ धरावा.

जे मर्यादेच्या जवळ आहेत त्यांनी निघण्याआधी मागच्या चाकाच्या तारा दोन-दोन करून चिमटीत दाबून बघाव्यात, एखादी लुळी लागली तर ती सायकल तिथेच ठेवून दुसरी घ्यावी. सीटची दांडी खुणेपेक्षा वर काढू नये. स्पीडब्रेकरवर थोडं उठून पायांवर भार घ्यावा, ब्रेक लवकर आणि दोन्ही दाबावेत.

भाच्याने हे तिन्ही प्रश्न विचारले. तिसऱ्याचं उत्तर यायला दोन दिवस लागले. गेल्या रविवारी सॅक घरी ठेवून, पाण्याची बाटली बास्केटमध्ये टाकून तो ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानापर्यंत गेला. पहिली सायकल त्याने परत लावली होती, मागची एक तार ढिली लागली म्हणून.