एक्स्टेंशन 'जुळत नाही' म्हणून बंद झालंय की 'धोक्याचं' म्हणून? दिसायला दोन्ही राखाडीच

बेळगावजवळ खानापूर बाजूला आमचं छोटं ऑनलाइन कामांचं दुकान आहे, उतारा, पास, परीक्षेचे फॉर्म, असलं सगळं. सकाळी दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं, उताऱ्याचं. सरकारी पानं सगळी कन्नडात, आमची कन्नड बोलायपुरती ठीक आहे खरं वाचायला बसलं की 'हेसरु' म्हणजे नाव आणि 'तंदेय हेसरु' म्हणजे वडलांचं नाव याच्यापुढं गाडी अडते. म्हणून ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकलेलं, शब्दावर माउस नेला की मराठी अर्थ दाखवणारं. त्यात आपले शब्द पण सेव्ह करता यायचे. दोन वर्षं एकेक करून जमिनीच्या कामाचे, बँकेचे, शाळेचे शब्द भरत गेलो होतो, चांगला ढीग झालेला.

एक दिवस सकाळी दुकानातला पोरगा म्हणतो, "दादा, ते कन्नडचं चालंना झालंय, राखाडी पडलंय." मी गिऱ्हाइकाच्या गडबडीत होतो, म्हटलं काढ आणि परत टाक. त्यानं काढलं. परत टाकायला गेला तर स्टोअर म्हणतंय हे तुमच्या ब्राउझरला चालत नाही, ब्राउझर अपडेट झालेला. आणि काढताना त्याच्याबरोबर आमचे सगळे शब्द पण गेले, कारण एक्स्टेंशन रिमूव्ह केलं की त्यानं तुमच्या मशीनवर साठवलेला डेटा ब्राउझर पुसून टाकतो. नुसतं बंद असतं तोवर तो डेटा तसाच पडून असतो. हा फरक तेव्हा माहीत असता तर दोन वर्षांची मेहनत अशी पाच सेकंदात गेली नसती.

आता उलटी गोष्ट. बेळगावात टिळकवाडीतला एक मित्र, त्याचं पण असंच एक एक्स्टेंशन बंद पडलं, स्क्रीनशॉट काढायचं. आमची कहाणी त्यानं ऐकलेली, त्यामुळं त्याला वाटलं हा पण अपडेटचाच घोळ. त्यानं कुठनं तरी झिप फाइल शोधली, डेव्हलपर मोड (स्टोअरबाहेरचं एक्स्टेंशन टाकू देणारी सोय) चालू केला आणि हातानं लोड केलं. चार दिवसांनी काहीही सर्च केलं की भलत्याच पानावर जायला लागलं. त्याचं एक्स्टेंशन जुळत नव्हतं म्हणून बंद झालं नव्हतं, त्यात घाण सापडली म्हणून ब्राउझरनं बंद केलं होतं. मेसेजमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं, यानं वाचलाच नव्हता.

म्हणजे मी ठेवायचं ते काढलं आणि यानं काढायचं ते परत बसवलं.

इनकम्पॅटिबल, म्हणजे 'जुळत नाही', म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्याकडच्या रेल्वेचं उदाहरण बरं पडतं. आपल्याकडं आधी मीटर गेज होतं, मग ब्रॉड गेज झालं. मीटर गेजच्या डब्यात खोट नव्हती, रूळच बदलले, आता तो डबा त्यावर चढणार कसा. एक्स्टेंशनचं तसंच. ब्राउझर रात्रीत अपडेट होतो, आतली एखादी सोय काढून टाकतो किंवा तिची पद्धत बदलतो, आणि जुन्या पद्धतीनं लिहिलेलं एक्स्टेंशन उभं राहत नाही. चूक असलीच तर एवढीच की बनवणाऱ्यानं नवीन रुळाची चाकं अजून बसवली नाहीत, किंवा तो आता बसवणारच नाही.

ब्लॉक झालेलं मात्र वेगळं. रूळ तेच, डबा पण चालतो, फक्त डब्यात नको ते सामान सापडलंय म्हणून पोलिसांनी गाडी थांबवलीय. तिथं 'चाकं बदलून आणतो' म्हणून काही होत नाही.

पहिल्या प्रकाराचा इतिहास जरा सांगतो कारण त्यात मजा आहे आणि मी त्यातून गेलोय. जुन्या फायरफॉक्समध्ये प्रत्येक ॲड-ऑनच्या (एक्स्टेंशनला तिथं ॲड-ऑन म्हणतात) आत लिहिलेलं असायचं की हे अमुक व्हर्जनपर्यंतच चालेल. ब्राउझर अपडेट झाला की सुरू होताना एक छोटी खिडकी यायची, ॲड-ऑन्स जुळतात का तपासतोय म्हणून, आणि ऑप्शन्समध्ये एक टिक असायची की अपडेटमुळं माझं ॲड-ऑन बंद पडणार असेल तर आधी सांगा. अपडेट कधीतरी यायचे तोपर्यंत हे ठीक होतं. २०११ च्या जूनमध्ये फायरफॉक्स ५ आला आणि त्यांनी दर सहा आठवड्यांनी नवीन व्हर्जन सुरू केलं, मग दर वेळी बरीच ॲड-ऑन्स नुसत्या त्या आकड्यापायी बंद, कोड ठणठणीत असला तरी. लोक वैतागले. शेवटी २०१२ च्या जानेवारीत फायरफॉक्स १० मध्ये त्यांनी नियम उलटा केला, उलट पुरावा नसेल तर ॲड-ऑन जुळतंय असंच धरायचं. काही अपवाद होते, खरं साध्या माणसाची कटकट बरीच कमी झाली.

मग २०१७ च्या १४ नोव्हेंबरला फायरफॉक्स ५७. तिथं आकड्याचा प्रश्नच नव्हता, जुन्या पद्धतीची ॲड-ऑन्स सरसकट बंद, फक्त वेबएक्स्टेंशन नावाच्या नव्या पद्धतीची चालू. बनवणाऱ्यानं नव्यानं लिहिलं तरच जगणार. क्रोमनं तेच मॅनिफेस्ट व्ही ३ च्या नावानं केलं, २०२१ च्या जानेवारीत क्रोम ८८ बरोबर नवी पद्धत आली, २०२४ मध्ये जुन्या व्ही २ ची एक्स्टेंशन्स लोकांच्या मशीनवर बंद व्हायला लागली आणि २०२५ मध्ये क्रोम १३९ पासून कंपन्यांना दिलेली सूट पण संपली. जाहिराती रोखणारं यूब्लॉक ओरिजिन त्यातच गेलं. त्यात वायरस नव्हता, पानावर येणारी प्रत्येक रिक्वेस्ट मध्येच अडवायची जी सोय ते वापरायचं ती नव्या पद्धतीत साध्या एक्स्टेंशनला मिळत नाही, काय अडवायचं त्याची यादी आधी द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. म्हणून बनवणाऱ्यानं यूब्लॉक ओरिजिन लाइट म्हणून वेगळं काढलं, आणि मूळचं फायरफॉक्सवर अजून चालतं. आता हे जाहिराती रोखायच्या लोकांवर अन्याय की सुरक्षेसाठी बरं, यावर माझं मत आहे पण ते इथं नको. मुद्दा एवढाच की 'आता सपोर्टेड नाही' हा मेसेज म्हणजे आरोप नाही.

आरोप कसा असतो ते बघायचं तर २०२१ चा फेब्रुवारी. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक्स्टेंशन, न वापरलेले टॅब झोपवून ठेवायचं, रॅम वाचायची. मूळ बनवणाऱ्यानं २०२० मध्ये ते दुसऱ्या कुणाला तरी दिलं, नव्या मालकाच्या हातात संशयास्पद कोड आला, आणि गूगलनं ते स्टोअरमधून काढलं आणि लोकांच्या ब्राउझरमध्ये पण बंद केलं, 'यात मालवेअर आहे' असं सांगून. ज्यांचे टॅब तेव्हा झोपलेले होते ते त्यांच्या डोळ्यांसमोर गेले. नंतर लोकांनी शोधून काढलं की हिस्टरीत त्या टॅबचा लांबलचक पत्ता असतो आणि त्याच्या शेवटी मूळ पानाचा पत्ता जसाच्या तसा असतो, तेवढा कापून घेतला की पान परत मिळतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ब्लॉक झालेल्यातनं पण आपला माल काढता येतो. तो काढायचा आणि एक्स्टेंशनला रामराम.

आणि इथं अपडेटची एक गंमत लक्षात घ्या, जिच्यामुळं घोळ होतो. ऑटोमॅटिक अपडेट दोन आहेत, एक ब्राउझरचा आणि एक एक्स्टेंशनचा, आणि दोन्ही आपापल्या वेळेला येतात. ब्राउझरचा आधी आला आणि एक्स्टेंशनचा दोन दिवसांनी, तर मधले दोन दिवस राखाडी. उलटं पण होतं, आमच्या दुकानातल्या एका मशीनवर अजून विंडोज ७ आहे, त्यावर क्रोम १०९ च्या पुढं जातच नाही, तर एक्स्टेंशनच्या नव्या व्हर्जनला त्याहून पुढचा क्रोम लागत असेल तर ते येतच नाही, जुनंच गुपचूप चालत राहतं.

मग ओळखायचं कसं? सगळ्यात आधी मेसेज वाचा, अख्खा. नुसतं राखाडी बघून ठरवू नका. तीन ठिपके, एक्स्टेंशन्स, मॅनेज, तिथं त्या चौकोनात बारीक अक्षरात कारण असतं. 'सपोर्टेड नाही', 'या व्हर्जनशी जुळत नाही' असलं काही असेल तर पहिला प्रकार. 'मालवेअर', 'सुरक्षा', 'धोरणाचं उल्लंघन', 'ब्लॉक' यातला शब्द दिसला तर दुसरा. मग ब्राउझर कालपरवा अपडेट झालाय का बघा, झाला असेल तर शंका पहिल्याकडं जाते. स्टोअरमध्ये पान सापडत नाही याच्यावर मात्र जाऊ नका, जुन्या पद्धतीची साधी भोळी एक्स्टेंशन्स पण स्टोअरमधून गेलीत.

पहिल्या प्रकारात काढायचं नाही, तसंच ठेवायचं, एक्स्टेंशनचा अपडेट हातानं तपासायचा (फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन्सच्या पानावर गिअरच्या चिन्हात ते मिळतं), थोडे दिवस थांबायचं, बनवणाऱ्यानं काही कळवलंय का बघायचं, आणि नाहीच आलं तर पर्याय शोधून मगच जुनं काढायचं. दुसऱ्यात लगेच काढायचं, आणि ते चालू असताना ज्या ज्या ठिकाणी लॉगिन केलं त्यांचे पासवर्ड बदलायचे, बँकेचे आधी.

एकदा या दोन्हीत न बसणारा तिसराच प्रकार झालेला. ४ मे २०१९, शनिवार, आपल्याकडं पहाट, आणि जगभर फायरफॉक्सची जवळपास सगळीच ॲड-ऑन्स बंद. 'व्हेरिफाय करता आलं नाही' असा मेसेज. ॲड-ऑन्सवर सही करायचं मोझिलाचंच (फायरफॉक्स बनवणाऱ्यांचंच) एक सर्टिफिकेट मुदत संपून गेलेलं. ॲड-ऑन बिचारं ना जुनं ना वाईट. मोझिला सांगत होती काढून परत टाकू नका, डेटा जाईल, आणि दुसऱ्या दिवशी फायरफॉक्स ६६.०.४ आलं तशी बहुतेक परत चालू. एकाच वेळी सगळीच गेली तर दोष बहुतेक एक्स्टेंशनचा नाही, एवढं त्यावरून धरायला हरकत नाही.

कुणी म्हणेल मग अपडेटच बंद करून टाकू. नको. सुरक्षेची दुरुस्ती पण त्याच वाटेनं येते. आमच्यासारख्या दुकानाला फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती बरी, तिच्यात मोठे बदल साधारण वर्षातनं एकदा येतात, दुरुस्त्या मात्र मधेमधे येत राहतात. आणि एक्स्टेंशनमध्ये एक्स्पोर्ट किंवा बॅकअप असं बटण असेल तर महिन्यातनं एकदा दाबायचं. आमच्या त्या शब्दांच्या एक्स्टेंशनमध्ये ते बटण होतं, मी कधी दाबलं नव्हतं.

आता पोरगा काही काढायच्या आधी फोन करतो. परवा मी बाजारात होतो, याचा फोन, "दादा, अजून एक बंद पडलंय."

"काय लिहिलंय ते वाच."

"नवीन परवानगी पाहिजे म्हणतंय. दिली की चालू होणार."

हे पण होतं, क्रोममध्ये अपडेटनंतर एक्स्टेंशनला जास्तीची परवानगी लागत असेल तर आपण हो म्हणेपर्यंत ते बंद राहतं. फायरफॉक्समध्ये तोवर जुनं व्हर्जन चालू राहतं. म्हटलं, "कसली परवानगी?"

"सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची."

"आणि ते एक्स्टेंशन कसलं हाय?"

"घड्याळाचं ओ. कोपऱ्यात वेळ दाखवतंय."

"ते काढ."