आखडलेला खांदा : ग्लाइड पुढे की मागे?

आखडलेला खांदा भूल देऊन, जोर लावून मोकळा करण्याची शिफारस १८७२मध्ये फ्रान्समध्ये झाली. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव १९३४चे. १९४५मध्ये सांध्याभोवतीची कॅप्सूल, म्हणजे आवरण, जाड होऊन आक्रसल्याची नोंद झाली, आणि हाताने नेमके काय ताणायचे ते कळले. साठच्या दशकात मोबिलायझेशनच्या, म्हणजे सांधा हाताने हलवून मोकळा करण्याच्या, ग्रेड (पायऱ्या) रुळल्या : पहिल्या दोन दुखण्यासाठी, पुढच्या दोन ताठरपणासाठी. त्यावर फारसे दुमत नाही. वाद आहे तो ग्लाइडच्या, म्हणजे फिजिओथेरपिस्टने दंडाच्या हाडाचे डोके (वरचे टोक) फऱ्याच्या खोबणीत सरकवण्याच्या, दिशेवरून.

एक्स्टर्नल रोटेशन, म्हणजे कोपर अंगालगत ठेवून हात बाहेर वळवणे, सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडते. दंडाच्या हाडाचे डोके गोल, खोबण उथळ. त्यामुळे डोके हाताच्या उलट दिशेला घसरते, म्हणून ते पुढे ढकला, असा नियम कित्येक वर्षे शिकवला गेला. कागदावर तो बिनचूक दिसतो. पण १९८८च्या एक्स-रे अभ्यासात हात पूर्ण मागे आणि बाहेर नेल्यावर निरोगी खांद्यातले डोके सुमारे ४ मिमी मागे सरकलेले दिसले. डोक्याची जागा हाडांच्या आकारापेक्षा कॅप्सूलच्या ताणावर ठरते, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

२००७च्या चाचणीत सहा सत्रांनंतर मागच्या ग्लाइडने एक्स्टर्नल रोटेशन सरासरी ३१ अंशांनी वाढले, पुढच्या ग्लाइडने ३ अंशांनी. रुग्ण जेमतेम वीस, तरी एवढी तफावत झटकून टाकता येत नाही.

मागचा ग्लाइड फसतो तो बहुधा कोनामुळे. खोबण थोडी पुढे झुकलेली असते. उताण्या रुग्णाच्या दंडाच्या हाडाचे डोके सरळ टेबलाकडे दाबले तर ते खोबणीच्या मागच्या कडेला अडते. आधी हलके ट्रॅक्शन (ओढ) देऊन दाब मागे आणि किंचित बाहेर द्यावा. फऱ्याखाली घडी केलेला टॉवेल नसेल तर फराच सरकतो आणि सांधा सुटल्याचा भास होतो.

जोराचा प्रश्न वेगळाच. २००४च्या ७७ रुग्णांच्या अभ्यासात दुखण्याच्या मर्यादेत व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचा खांदा दोन वर्षांत जवळपास पूर्ववत झाला, दुखले तरी ताणणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांचा. २०२०मध्ये ५०३ रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीत भूल देऊन मोकळे करणे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि स्टिरॉइड इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांपैकी कोणताच उपचार स्पष्टपणे सरस ठरला नाही.