हायस्कूल बेसबॉलमधील सुरक्षा नियम (अमेरिका)

अमेरिकेत नववी ते बारावीच्या, म्हणजे साधारण १४ ते १८ वर्षांच्या मुलांच्या बेसबॉल सामन्यांत इजा टाळण्यासाठी पाळले जाणारे नियम. साहित्य, धावताना होणाऱ्या टकरी, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हाताची विश्रांती, डोक्याला बसलेला मार आणि वीज असे त्यांचे मुख्य विषय आहेत. हे नियम एनएफएचएस ही राज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांची राष्ट्रीय शिखर संस्था ठरवते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे कार्यालय इंडियानापोलिस शहरात आहे. नियमपुस्तक तिचे असले तरी त्याची अंमलबजावणी राज्य संघटनेकडे असते आणि काही बाबतींत आकडे ठरवण्याची मोकळीकही राज्यालाच असते. त्यामुळे नदीच्या अलीकडच्या शाळेत चालते ते पलीकडच्या राज्यात चालेलच असे नाही.

अंतर आणि वेळ

पिचर ज्या पट्टीवर पाय ठेवून चेंडू टाकतो तिथपासून बॅटर जिच्या बाजूला उभा राहतो त्या होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच असते. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका. पण तो टप्पा न घेता थेट येतो, आणि हातातून सुटेपर्यंत पिचर पाचेक फूट पुढे आलेला असतो. बारावीतला चांगला पिचर ताशी ८५ मैलांनी चेंडू टाकतो. उरलेले ५५ फूट कापायला त्या चेंडूला ०.४४ सेकंद लागतात. हाच चेंडू बॅटच्या मधोमध बसून ताशी १०० मैलांनी सरळ परत आला, तर पिचरच्या हाती ०.३७ सेकंद उरतात. त्या क्षणी त्याचे सगळे वजन एका पायावर असते, अंग पुढे झुकलेले असते आणि ग्लव्ह कुठेतरी गुडघ्याजवळ असतो.

रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्यात शॉर्ट लेगला हेल्मेटविना उभे असताना चेंडू लागून गेले, हे क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला आठवत असेल. बेसबॉलचा पिचर जवळजवळ तशाच धोक्यात प्रत्येक चेंडूला उभा असतो. तरीही त्याला चेहऱ्याची जाळी किंवा हेल्मेट आजही सक्तीचे नाही. ज्याला हवे त्याने घालावे, एवढेच. पिचरसाठी नियमकर्त्यांनी वेगळी वाट धरली आणि चेंडूचा वेग बॅटमध्येच कमी केला. तो भाग पुढे येतो.

हेल्मेट

१६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलंड संघाच्या रे चॅपमनच्या डोक्याला कार्ल मेजने टाकलेला चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी चॅपमन गेला. तेव्हा बॅटर साध्या कापडी टोपीत खेळत. एवढे होऊनही व्यावसायिक बेसबॉलमध्ये हेल्मेटची सक्ती व्हायला १९७१ साल उजाडले.

शालेय नियम आज व्यावसायिकांपेक्षा कडक आहेत. हेल्मेटला दोन्ही कानांवर झाप हवी. त्यावर नॉक्सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रीडासाहित्य मानक समितीची मोहोर हवी आणि धोक्याची सूचना छापलेली हवी. बॅटर, पाळीची वाट पाहत वर्तुळात उभा असलेला पुढचा बॅटर, बेसवरचे, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या टप्प्यांवरचे रनर, बाद होऊन परत निघालेला रनर, बेसजवळ प्रशिक्षकाच्या चौकटीत उभा असलेला विद्यार्थी आणि बॅट-चेंडू उचलायला पळणारी लहान मुले, या सगळ्यांना ते घालावेच लागते.

खेळ चालू असताना मैदानात मुद्दाम हेल्मेट काढले तर पहिल्यांदा संघाच्या प्रशिक्षकाला ताकीद मिळते आणि त्यानंतर कोणीही तसे केले तर त्याला सामन्याबाहेर काढतात. चॅपमनच्या शंभर वर्षांनंतर हा नियम बहुतेक वेळा मोडतो तो आनंदाच्या भरात. विजयी धाव घेणारा मुलगा शेवटची दहा पावले उरली असतानाच हेल्मेट हवेत भिरकावतो, आणि दुसरा रनर अजून मागे धावतच असतो.

कॅचर आणि छातीचा मार

होम प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला जाळीसह हेल्मेट, गळ्याचे कवच, छातीचे कवच, पायांचे गार्ड आणि मुलांना गुप्तांगाचे संरक्षक कप एवढे सगळे लागते. सामन्याबाहेर, कुंपणाजवळ पिचरला हात मोकळा करून देण्यासाठी बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही जाळीचे हेल्मेट, गळ्याचे कवच आणि कप यातून सूट नाही. ‘दोनच चेंडू तर घ्यायचेत’ ही सबब पंच ऐकत नाहीत.

१ जानेवारी २०२० पासून कॅचरचे छातीचे कवच एका नव्या मानकाचे असावे लागते. त्यामागे ‘कमोशियो कॉर्डिस’ ही विचित्र घटना आहे. छातीवर, नेमका हृदयावर, चेंडू बसतो. बरगडी मोडत नाही, हृदयाला जखम होत नाही, पण ठोक्याच्या चक्रातल्या सेकंदाच्या काही शतांशांच्या नाजूक फटीत तो धक्का गेला तर हृदय लयीत धडधडण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि मूल कोसळते. बोस्टनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांतून ही फट दाखवून दिली. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले, की सर्वांत घातक वेग ताशी ४० मैलांच्या आसपासचा असतो. म्हणजे सर्वांत वेगवान चेंडूच मारक असतो असे नाही, शाळकरी मुलाने सहज फेकलेलाही पुरेसा ठरतो. मूल वाचण्याची आशा विजेचा झटका देणारे यंत्र किती लवकर पोहोचते यावर अवलंबून असते, आणि त्यासाठी मिनिटे मोजकीच असतात. म्हणून हे यंत्र शाळेच्या इमारतीत कुलूपबंद असून भागत नाही, ते मैदानाजवळ हवे. नव्या कवचाने धोका कमी होतो, संपत नाही, आणि इतर खेळाडूंच्या छातीवर तर तेही नसते.

बॅट

अ‍ॅल्युमिनियमची बॅट शाळांत आली ती स्वस्त पडते म्हणून. लाकडी बॅट मोडते, ही वर्षानुवर्षे टिकते. पण पोकळ नळीची भिंत चेंडू आदळताच किंचित आत दबते आणि उसळून परत येते. लाकडावर चेंडू स्वतः चेपला जातो आणि त्यात ऊर्जा वाया जाते. धातूवर ती वाचते आणि चेंडू अधिक वेगाने सुटतो. त्यातून पिचर जखमी होऊ लागले तसे वाद पेटले. न्यूयॉर्क शहराच्या परिषदेने २००७ मध्ये महापौरांचा नकाराधिकार डावलून हायस्कूल सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदी घातली. नॉर्थ डकोटा राज्यही त्याच वर्षी लाकडाकडे वळले.

देशभरात मात्र मधला मार्ग निघाला. १ जानेवारी २०१२ पासून लाकडाखेरीज प्रत्येक बॅटवर ‘बीबीकोर’चा शिक्का लागतो. चेंडू आदळल्यावर बॅट किती उसळी परत देते याचे हे माप ०.५० च्या वर जाता कामा नये. चांगली लाकडी बॅट साधारण तिथेच असते. बॅटची जाडी जास्तीत जास्त २ पूर्णांक ५/८ इंच चालते. इंचांतली लांबी आणि औंसांतले वजन यांतला फरक ३ पेक्षा जास्त नको. ३३ इंची बॅट किमान ३० औंसांची हवी.

यावरही पळवाटा निघाल्याच. बॅट रोलरमध्ये दाबून किंवा तापवून तिची भिंत लवचीक करायची, की शिक्का तसाच राहतो आणि उसळी वाढते. अशी बॅट बेकायदा ठरते. ती घेऊन उभा राहिलेला बॅटर बाद होतो आणि त्याच्या मुख्य प्रशिक्षकाला उरलेला सामना डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकांच्या आडोशाला, बसून काढावा लागतो.

प्रशिक्षकाला ही शिक्षा का, याचे उत्तर सामन्याआधीच्या पाच मिनिटांत आहे. दोन्ही मुख्य प्रशिक्षक आणि पंच होम प्लेटभोवती उभे राहतात, संघांच्या याद्या एकमेकांना देतात, मैदानाच्या कडांचे स्थानिक नियम ठरवतात. मग पंच एकेकाला विचारतात, “तुमचे सगळे खेळाडू नियमाप्रमाणे सज्ज आहेत ना?” प्रशिक्षक सगळ्यांसमोर “हो” म्हणतो. त्या एका शब्दाने हेल्मेटची तडा गेलेली कड, शिक्का पुसलेली बॅट, कॅचरचा विसरलेला कप, सगळी जबाबदारी त्याच्यावर येते. मुलाने घरून काय आणले हे मला ठाऊक नव्हते, असे त्याला नंतर म्हणता येत नाही.

घसरणे आणि टक्कर

बेसकडे धावणाऱ्याने घसरलेच पाहिजे अशी सक्ती नाही. घसरला तर मात्र रीतसर घसरावे लागते. पाय पुढे करून घसरताना एक पाय आणि नितंब जमिनीला टेकलेले हवेत. वर उचललेला पाय उभ्या क्षेत्ररक्षकाच्या गुडघ्यापेक्षा उंच नको. घसरून उठता उठता त्याच्या अंगावर जायचे नाही. दुहेरी बाद, म्हणजे एकाच फटक्यावर दोघे बाद होणे, टाळण्यासाठी दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूला वाकडे जाऊन पाडले, तर रनरबरोबर बॅटरही बाद दिला जातो. हा हिशेब मोठा चोख आहे. ज्या फायद्यासाठी माणूस पाडला, नेमका तोच फायदा काढून घेतला जातो.

जाणूनबुजून दिलेल्या धडकेला थेट हकालपट्टी आहे, मग धडक रनरने दिलेली असो वा क्षेत्ररक्षकाने. व्यावसायिक बेसबॉलने होम प्लेटवरच्या टकरींना २०१४ मध्ये आवर घातला, शाळांत ही बंदी त्याच्या कितीतरी आधीपासून होती. दुसऱ्या बाजूने, चेंडू हातात नसताना क्षेत्ररक्षकाला बेसची वाट अडवता येत नाही. उभ्या खेळाडूवरून उडी मारायची नाही; तो जमिनीवर पडलेला असेल तर चालते. त्याच्यावरून सूर मारून झेप घेणे मात्र कधीच चालत नाही.

पिचरचा हात

आतापर्यंतच्या इजा सगळ्यांना दिसणाऱ्या होत्या. आवाज होतो, खेळ थांबतो, कोणीतरी पळत येते. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध मात्र महिनोन्‌महिने झिजतो आणि शेवटी एखाद्या साध्या चेंडूला तुटतो. न दिसणाऱ्या या दुखापतीवरचा देशव्यापी नियम इतका उशिरा आला, हा योगायोग वाटत नाही.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातील स्नायुबंध बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले. शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले. ती इतकी यशस्वी झाली, की तिची भीतीच गेली. २००७ ते २०११ या काळातल्या अमेरिकेतील नोंदी तपासल्या तेव्हा अशा शस्त्रक्रिया झालेल्यांत निम्म्याहून अधिक १५ ते १९ वर्षांचे निघाले. व्यावसायिकांसाठी शोधलेला उपाय शाळकरी मुलांचा झाला होता.

आधी बहुतेक राज्ये डाव, म्हणजे तिघे बाद होईपर्यंतचे टप्पे, मोजत. डावाने काहीच कळत नाही. एक डाव आठ चेंडूंत संपतो, दुसऱ्याला चाळीस लागतात. २०१७ च्या हंगामापासून एनएफएचएसने प्रत्येक राज्याला चेंडूंच्या संख्येवर आधारित मर्यादा आणि विश्रांतीचे दिवस ठरवणे बंधनकारक केले. आकडा राज्याचा राहिला. अनेकांनी ‘पिच स्मार्ट’ या मार्गदर्शक तक्त्याचा आधार घेतला: १५-१६ वर्षांसाठी दिवसाला ९५ चेंडू, १७-१८ साठी १०५. मंगळवारी ८२ चेंडू टाकणाऱ्या बारावीतल्या मुलाला त्या तक्त्याप्रमाणे चार दिवस विश्रांती, म्हणजे तो पुन्हा रविवारी.

सामन्यात दोन्ही संघांचे नोंदणीदार डाव संपला की आपापले आकडे ताडून पाहतात. सरावाचे चेंडू मोजत नाहीत, बेसवरच्या रनरला बाद करण्यासाठी फेकलेले मोजत नाहीत, कुंपणाजवळ तयारीला टाकलेले चाळीसही मोजत नाहीत. कोपराला हा फरक कळत नाही. त्याहून मोठे भोक शाळेबाहेर आहे. शुक्रवारी शाळेसाठी खेळलेला मुलगा शनिवार-रविवारी पैसे भरून घेतलेल्या खासगी संघाकडून दुसऱ्या गावात चेंडू टाकतो, आणि शाळेच्या वहीत त्याची नोंद नसते. ती बेरीज करू शकतात ते फक्त आईवडील. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या ज्या मराठी घरांत क्रिकेटवर वाढलेल्या बाबांचा मुलगा पिचर झाला आहे, तिथे ही वही ठेवणे बाबांच्याच वाट्याला येते.

डोके आणि वीज

मेंदूला धक्का बसल्याचे कोणतेही लक्षण दिसले, की खेळाडूला ताबडतोब बाहेर काढायचे आणि पात्र वैद्यकीय व्यक्तीच्या परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही, हा नियम २०१० पासून एनएफएचएसच्या सर्व खेळांना लागू आहे. त्याच्या आदल्या वर्षी वॉशिंग्टन राज्याने असा पहिला कायदा केला होता, तोही अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुखापतीनंतर. पुढच्या पाच वर्षांत पन्नासही राज्यांत कायदे झाले. पंच निदान करत नाहीत, लक्षण दिसले की बाहेर पाठवतात. “मी ठीक आहे” या मुलाच्या शब्दाला तिथे किंमत नाही.

विजेचा नियम सर्वांत सोपा, आणि पाळताना सर्वांत जास्त कुरकुर होते ती त्याचीच. गडगडाट ऐकू आला किंवा वीज चमकलेली दिसली, की खेळ बंद. मुले धावत डगआउटमध्ये शिरतात, पण तीन बाजूंनी आडोसा असला तरी ती सुरक्षित जागा धरली जात नाही. शाळेची इमारत किंवा बंद काचांची बस गाठावी लागते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबायचे. २९ व्या मिनिटाला पुन्हा आवाज झाला, की घड्याळ पुन्हा शून्यावर. सामना सात डावांचा असतो; पाच पूर्ण झाले असतील तर निकाल धरता येतो, नसतील तर पुढे काय करायचे ते राज्याच्या नियमावर.