मूलपेशी प्रत्यारोपणानंतर मेंदू का बिघडतो?

अमेरिकी डॉक्टर डोनॉल थॉमस यांनी 1957 मध्ये दुसऱ्याची अस्थिमज्जा (रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे घर) शिरेतून देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा रुग्ण जगवणे हाच मोठा प्रश्न होता. रुग्ण तगू लागले तसे झटके, भ्रम, विस्मरण पुढे आले, आणि पुष्कळदा त्यांचे मूळ उपचारातच सापडले.

प्रत्यारोपणाआधी दिले जाणारे बुसल्फान हे केमोथेरपीचे औषध मेंदूत सहज शिरते. त्याने झटके येतात, म्हणून आधीपासून फेनिटॉइन हे झटके रोखणारे औषध देण्याची पद्धत पडली. पण फेनिटॉइनमुळे बुसल्फान शरीरातून लवकर निघून जाते. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी लेव्हेटिरासिटाम देतात. फ्लुडाराबिन या दुसऱ्या केमोथेरपी औषधाच्या सुरुवातीच्या मोठ्या डोसांनी तर अंधत्व आणि कोमा ओढवला, तोही औषध थांबल्यावर काही आठवड्यांनी. आजचा डोस बराच कमी आहे, तरी मूत्रपिंड मंदावले असेल तर तो आणखी घटवावाच लागतो.

मग दात्याच्या पेशींना आवरणारी, प्रतिकारशक्ती दाबणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे आली. हात थरथरणे नेहमीचेच. मात्र रक्तदाब चढून डोके दुखू लागले, नजर धूसर झाली की झटक्याची वाट पाहू नये. मेंदूच्या मागच्या भागाला सूज येणारा हा विकार, ‘प्रेस’, 1996 मध्ये 15 रुग्णांच्या नोंदींवरून मांडला गेला. रक्तातली पातळी योग्य आहे म्हणून औषध निर्दोष ठरवणे ही इथली घातक चूक. रक्तदाब उतरवायचा, कमी झालेले मॅग्नेशियम भरून काढायचे आणि औषध बदलायचे. नुसते बंद केले तर दात्याच्या पेशी रुग्णावर उलटतात. बुरशीविरोधी व्होरिकोनॅझोल टॅक्रोलिमसची पातळी वाढवते, म्हणून ते सुरू करताना टॅक्रोलिमसचा डोस एक तृतीयांशावर आणायचा, हेही घाईत राहून जाते.

सर्वांत चकवणारा एचएचव्ही-6, म्हणजे मेंदूला सूज आणू शकणारा हर्पीस गटातला विषाणू. तो 1986 मध्ये सापडला. साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, विशेषतः नाळेच्या रक्ताच्या प्रत्यारोपणानंतर, रुग्ण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागतो, सोडियम घसरते. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ असतो, पहिला एमआरआयसुद्धा कधीकधी. मणक्यातल्या पाण्याची पीसीआर (विषाणूची जनुके शोधणारी चाचणी) पाठवून, अहवालासाठी न थांबता फॉस्कार्नेट किंवा गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करावे. नेहमीच्या हर्पीसवरच्या असायक्लोव्हिरचा इथे भरवसा नाही. जवळपास 1 टक्का लोकांच्या गुणसूत्रांतच हा विषाणू जन्मतः असतो. दाता तसा असेल तर नव्या पेशी रुजल्यावर रक्ताची पीसीआर कायम पॉझिटिव्ह येते, आणि आजार नसताना मूत्रपिंडाला जड औषधे दिली जातात.