सांगड बांधलेला रणगाडा

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा ज्यांना आठवतो, त्यांना हा रणगाडा लगेच कळेल. डबा काही आपल्याला वर ओढत नाही. तो पाण्यातली जागा अडवतो, आणि जेवढे पाणी बाजूला सरते तेवढ्या वजनाचा रेटा खालून मिळतो. नदी ओलांडायला भोपळ्यांची सांगड बांधत, ती याच हिशेबावर.

एप्रिल 1931 मध्ये इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीने पत्रकारांना बोलावून असाच एक तरंगता रणगाडा पाण्यात उतरवून दाखवला. गाडी सुमारे तीन टनांची, आत दोन माणसे, बुरुजात एक मशीनगन. तळ होडीसारखा, मागे पंखा आणि सुकाणू, आणि दोन्ही बाजूंना पट्ट्यांच्या वर पत्र्यात मढवलेले बाल्सा लाकूड, म्हणजे चक्क बिंडाच! रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे धावणारी ही गाडी पाण्यात जेमतेम दहाने जाई. ब्रिटिश सैन्याने चाचण्या घेतल्या आणि नको म्हटले. चीन, सयाम, रशिया यांनी मात्र विकत घेतली. रशियन अभियंत्यांनी तर वर्तमानपत्रांत आणि मासिकांत छापून आलेली माहितीही बारकाईने अभ्यासली. त्यातून टी-37ए निघाला. हे रणगाडे अडीच हजारांच्या आसपास बनले. बाल्साच्या जागी बूच, आणि इंजिन ट्रकचे, 40 अश्वशक्तीचे.

ब्रिटिशांनी नको का म्हटले असेल? माझ्या मते उत्तर साध्या गुणाकारात आहे. टी-37ए चे वजन 3.2 टन, म्हणजे तरंगायला 3.2 घनमीटर पाणी बाजूला सारावे लागणार. त्याचे चिलखत सर्वांत जाड जागी 9 मिलिमीटरच्या आसपास. साधी रायफलची गोळी अडेल, त्यापुढे भरवसा नाही. मग आणखी 10 मिलिमीटर चढवू या. एक चौरस मीटर पोलाद, 10 मिलिमीटर जाड, भरते 78 किलो. पंधरा चौरस मीटर मढवायचे म्हटले तर जवळजवळ 1.2 टन. गाडी पावणेचार मीटर लांब आणि दोन मीटरला थोडी कमी रुंद. आडवा छेद सात चौरस मीटर धरला, तर ती पूर्वीपेक्षा 17 सेंटिमीटर खोल बसेल. जवळजवळ एक वीत झाली की! पाण्याबाहेर मुळातच थोडीशी कड उरलेली, तिच्यातून एवढी गेल्यावर वाऱ्याची एखादी लाटही आत यायला पुरे. कड परत मिळवायची तर गाडी मोठी करायची, मोठी केली की पत्रा वाढतो, पत्रा वाढला की वजन.

पोहून झाल्यावरचा त्रास वेगळाच. काठ लागला तरी गाडी अर्धी तरंगतच असते. तिचा भार पाण्याने पेललेला, म्हणून पट्टे जमिनीवर नीट दाबले जात नाहीत, आणि दाब नाही तर पकड नाही. चिखलात पट्टे नुसते फिरत राहतात. त्यात नाक वर चढले की शेपूट खाली जाते. तेव्हा नदी किती रुंद आहे हे पाहून भागत नाही, पलीकडचा उतार कसा आहे हेही पाहावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात निकोलस स्ट्रॉसलर या अभियंत्याने पोलादाला हात न लावता रणगाड्याभोवती कॅनव्हासची उंच भिंत उभारली. जागा वाढली, वजन फारसे नाही. सगळी मदार कापडावर. 6 जून 1944 ला नॉर्मंडीत ओमाहा किनाऱ्यासमोर एका अमेरिकी बटालियनने खवळलेल्या समुद्रात असे 29 रणगाडे सोडले, त्यांतले 27 बुडाले.

रशियन मात्र होडीसारख्या तळालाच धरून राहिले. त्यांचा पुढचा पीटी-76 आपल्या सैन्यातही होता. 14 टनांचा, पंख्याऐवजी मागून पाण्याचे झोत सोडणारा. आपल्या जवानांनी त्याला नाव दिले पिप्पा, म्हणजे पंजाबीत तुपाचा पत्र्याचा डबा. नोव्हेंबर 1971 मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आताच्या बांगलादेशातल्या गरीबपूरला धुक्यात तो पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांशी भिडला आणि जिंकला. लढाई जमिनीवरची होती, आणि बुरुजाचे चिलखत सर्वांत जाड जागीही 20 मिलिमीटरच्या आसपासच.