सॉ आणि बॉ: फोनमधल्या दोन फिल्टरांतला खरा फरक

फोनचा हॉटस्पॉट लावला की आतले दोन रेडिओ एकमेकांना अगदी खेटून काम करू लागतात. आपल्याकडे फोर-जीचा बँड ४० आहे २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा, आणि वाय-फायचा पट्टा लगेच २४०० पासून सुरू होतो. टॉवरकडून येणारा क्षीण सिग्नल ऐकायचा आणि त्याच क्षणी शेजारच्या अँटेनातून जोरदार वाय-फाय बाहेर सोडायचं, असं हे काम. पट्ट्याची अगदी कड कधीकधी सोडूनच द्यावी लागते. पण बाकीचं जे जमतं ते ध्वनिलहरींवर चालणाऱ्या फिल्टरमुळे: हव्या त्या फ्रिक्वेन्सी तो जाऊ देतो, बाकीच्या अडवतो. हे फिल्टर दोन जातींचे: सरफेस अकूस्टिक वेव्ह म्हणजे सॉ, आणि बल्क अकूस्टिक वेव्ह म्हणजे बॉ. दोन्ही एक-दीड मिलिमीटरच्या डबीत येतात आणि दोन्ही विजेच्या सिग्नलची यांत्रिक लहर करून पुन्हा वीज करतात. त्यामुळे ‘सॉ जुना आणि स्वस्त, बॉ नवा आणि भारी’ एवढ्यावर अनेकजण थांबतात. मला ही वाटणी पटत नाही. खरा प्रश्न असा, की फिल्टरची फ्रिक्वेन्सी ठरते कुठे? सॉमध्ये ती ठरते नकाशात, म्हणजे पृष्ठभागावरच्या आखणीत, आणि बॉमध्ये थराच्या जाडीत. बाकी बहुतेक फरक इथूनच निघतात.

आधी ध्वनी कशासाठी, ते पाहू. हवेत २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. स्फटिकात यांत्रिक लहर सेकंदाला साधारण चार हजार मीटर धावते, म्हणून तीच फ्रिक्वेन्सी दोन मायक्रॉनच्याही आत मावते. फिल्टर एवढा लहान होण्याचं कारण हेच.

सॉमध्ये लिथियम टँटॅलेटसारख्या स्फटिकावर अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या बोटांसारख्या आखतात. लहर पृष्ठभागावरून धावते. अशा लहरींचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडलं होतं. बोटांची ही रचना व्हाइट आणि व्होल्टमर यांनी १९६५ मध्ये दाखवली. पुढे रंगीत टीव्हीच्या ट्यूनरमागे ३८.९ मेगाहर्ट्झवर सॉ फिल्टरच असायचा. बोटाची रुंदी लहरीच्या पाव लांबीएवढी, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झला साधारण ०.४ मायक्रॉन. अंतर बदललं की फ्रिक्वेन्सी बदलली.

बॉमध्ये लहर उभी चालते. अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर मॉलिब्डेनमच्या दोन इलेक्ट्रोडांत धरलेला असतो आणि वर-खाली अर्धी लहर मावते. खालच्या सिलिकॉनमध्ये ऊर्जा झिरपू नये म्हणून थराखाली पोकळी ठेवतात, नाहीतर परावर्तक थरांचा आरसा. २ गिगाहर्ट्झच्या आसपास हा थर एखाद-दीड मायक्रॉनचा. जाडीत एक हजारांश चूक झाली, म्हणजे एखाद्या नॅनोमीटरची, की फ्रिक्वेन्सी दोनेक मेगाहर्ट्झने सरकते. म्हणून वेफरवरचा (सिलिकॉनच्या चकतीवरचा) प्रत्येक भाग मोजून आयनांच्या झोताने कणाकणाने तासावा लागतो. माझ्या दृष्टीने या तंत्रातलं सगळ्यात कौतुकाचं काम हे.

आता अनेक बँड एका चिपवर बसवायचे म्हटलं तर? सॉमध्ये १८०० आणि २१०० चे फिल्टर एकाच स्फटिकावर एकाच मास्कने, म्हणजे छपाईच्या एकाच साच्याने, छापता येतात, कारण फरक फक्त आखणीचा. याला मर्यादा आहे: धातूची जाडी सगळ्यांना एकच असते आणि ती लहरीच्या लांबीच्या ठरावीक प्रमाणात लागते, त्यामुळे ८५० आणि २३०० शेजारी नीट नांदत नाहीत. बॉमध्ये मात्र एका फिल्टरलाच दोन फ्रिक्वेन्सी लागतात. शिडीसारख्या जोडणीत आडव्या ओळीतला रेझोनेटर (ठरावीक सुरात कंप पावणारा एकेक थर) वर आणि जमिनीला जोडलेला थोडा खाली सुरात लावायचा असतो. तबल्याच्या पुडीवरची शाई जशी वजनाने सूर बदलते, तसा जमिनीकडच्या रेझोनेटरवर धातूचा जादा थर चढवतात. प्रत्येक नवा बँड म्हणजे जाडीचं नवं काम, म्हणून बहुधा वेगळी चिपच.

नको असलेले सिग्नल दोन्हीकडे आहेत, फक्त ते वेगळ्या वाटेने येतात. सॉमध्ये लहर बोटांच्या लांबीच्या दिशेने आडवी पळते आणि पासबँडमध्ये, म्हणजे फिल्टर जाऊ देतो त्या पट्ट्यात, बारीक खाचा पाडते. शिवाय काही ऊर्जा स्फटिकाच्या पोटात गळते. आडव्या लहरींवर बराचसा उपाय नकाशातच होतो: बोटांचा एकमेकांवर येणारा भाग कमी-जास्त करायचा, किंवा टोकं जड करून तिथे लहर मंद करायची. बॉमध्ये थरातून आडव्या जाणाऱ्या लॅम्ब लहरी कडेवर आपटून परततात. म्हणून हे रेझोनेटर वेडेवाकडे पंचकोनी असतात, एकही बाजू दुसरीला समांतर नाही. त्याने खाचा पुसट होतात, पण ऊर्जा काही वाचत नाही, नुसती पसरते. जास्त चांगला उपाय म्हणजे कडेने जादा वजनाची चौकट. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं होतं की मधल्या शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुसंवादी होतात. इथे वजन मध्याऐवजी कडेला असतं आणि उपस्वर जुळवण्याऐवजी दाबायचे असतात.

लहान आकार आणि स्वच्छता यांचं भांडण बॉमध्ये उघड दिसतं. जोरदार सिग्नल गेला की थर दुप्पट फ्रिक्वेन्सीही काढतो. ती मारायला एका रेझोनेटरऐवजी दोन, उलट्या दिशेने, एकापाठोपाठ जोडतात. इम्पीडन्स (सिग्नलला होणारा एकूण रोध) तेवढाच ठेवायचा तर प्रत्येकाचं क्षेत्रफळ दुप्पट करावं लागतं, म्हणजे एकूण चौपट जागा गेली.

कॅरियर अ‍ॅग्रिगेशनमध्ये (फोन एकाच वेळी दोन बँड वापरतो तेव्हा) बँड ३, म्हणजे १८०० चा, आणि बँड ४० एकाच अँटेनावर चालले की नको असलेल्या खाचेचा अर्थच बदलतो. बँड ३ च्या फिल्टरला २३५० वर छोटा उपस्वर आहे असं समजा. एकट्याने तपासला तर तो फिल्टर निर्दोष ठरेल, कारण ती फ्रिक्वेन्सी तो पुढे जाऊ देतच नाही. पण तो ती गिळतो, आणि बँड ४० च्या मधोमध खड्डा पडतो. म्हणून असे फिल्टर सुटे-सुटे आखून शेवटी जोडणं मला चुकीचं वाटतं. पहिल्या दिवसापासून ते एकत्रच गणितात हवेत.

तापमानाचं थोडक्यात. साधा लिथियम टँटॅलेटचा सॉ दर अंशाला दहा लाखांत चाळीस भागांच्या आसपास खाली सरकतो. साठ अंशांच्या वाढीला बँड ४० वर हे साडेपाच मेगाहर्ट्झ होतात, आणि मे महिन्यात नागपुरात हॉटस्पॉट चालवणारा फोन चांगलाच तापतो. सिलिकॉन डायऑक्साइडचा थर दिला की हे बरंच सावरतं. बॉ मुळातच कमी सरकतो.

मग निवड कशी करायची? एक गिगाहर्ट्झच्या खाली सॉ, कारण तिथे बॉचा थर जाड आणि रेझोनेटर मोठा होतो. पाच गिगाहर्ट्झला बॉ, कारण तिथे सॉची बोटं ०.२ मायक्रॉनवर येतात, त्यांचा रोध वाढतो आणि ताकदीच्या सिग्नलने ती खराब होतात. रस्सीखेच आहे ती मधल्या पट्ट्यात. तिथे आता सॉनेच बॉचा गुण उचलला आहे: लिथियम टँटॅलेटचा पातळ थर सिलिकॉनवर चिकटवून लहर वरच कोंडायची. गळती कमी झाली आणि तापमानालाही तो टिकला, पण कोंडलेल्या थरात पासबँडच्या वर नवे उपस्वर उगवले. म्हणजे या फिल्टरच्या डिझायनरला नकाशाही सांभाळायचा आहे आणि जाडीही.